करमरकरांची रीत आणि आपला कायदा

१९ नोव्हेंबर १९८४ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर चक्क गणिताची बातमी छापली. अमेरिकेच्या बेल लॅब्जमधील नरेंद्र करमरकर यांनी ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ची गणिते सोडवण्याची नवी, कमालीची वेगवान रीत शोधली होती. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये बाहेर पडलेल्या करमरकरांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. साधने मर्यादित, अटी हजारो आणि खर्च मात्र कमीत कमी हवा, असा पेच येतो तिथे हे गणित लागते. कोणता वैमानिक कोणत्या फेरीवर पाठवायचा, तेलशुद्धीकरण कारखान्यात कोणते कच्चे तेल किती घ्यायचे, दूरध्वनीचे जाळे कुठून न्यायचे, हे सारे त्यात आले. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या बहुपृष्ठी आकाराच्या कडेकडेने चालत उत्तर गाठते. करमरकरांची रीत त्या आकाराच्या पोटातून वाट काढते.

गणितात या शोधाचे स्थान पक्के आहे. इथे तो आठवण्याचे कारण वेगळे आहे. बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने या रीतीचे पेटंट मागितले आणि मे १९८८ मध्ये ते मिळवले. शुद्ध गणिताला पेटंट देता येत नाही, हे अमेरिकी न्यायालयांनी सांगून ठेवले होते. म्हणून अर्जात रीतीचे नाव ‘साधनसामग्रीच्या कार्यक्षम वाटपाची पद्धत व यंत्रणा’ असे झाले. कंपनीने तिच्यावर बेतलेली ‘कॉरबेक्स’ नावाची यंत्रणा बाजारात आणली. किंमत ८९ लाख डॉलर. गिऱ्हाइके मोजकीच मिळाली. दरम्यान तपशील पुरेसे उघड करत नाहीत म्हणून गणितज्ञ बेल लॅब्जवर नाराज झाले. १९८६ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की ठरावीक अटींत ही रीत साठच्या दशकापासून माहीत असलेल्या ‘बॅरिअर’ पद्धतीशी गणिती दृष्ट्या जुळते. त्यानंतर जगभरच्या विद्यापीठांत या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला. आज वापरात असलेल्या बहुतेक प्रणाली त्या खुल्या संशोधनातून आल्या आहेत.

आता हिशेब मांडून पाहू. करमरकर पगारी संशोधक होते. पेटंट मिळणार म्हणून त्यांना ती रीत सुचली, असे कोणी म्हणणार नाही. पेटंटमुळे ज्ञान लवकर पसरले, असेही झाले नाही. उलट सुरुवातीला ते अडले. कंपनीच्या तिजोरीतही फारशी भर पडली नाही. शोध अस्सल, शोधक असामान्य, आणि तरी त्याला मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाने शोधाला चालना देणे आणि ज्ञान पसरवणे या आपल्या दोन कामांपैकी एकही केले नाही. सॉफ्टवेअरच्या पेटंटांबद्दल चार दशके चाललेल्या वादाचे सार या एका प्रकरणात सापडते. क्षुल्लक गोष्टींच्या पेटंटांवर टीका करणे सोपे असते. इथे गोष्ट क्षुल्लक नव्हती, म्हणून हे उदाहरण अधिक बोचते.

पेटंट हा मुळात एक सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती जगाला उलगडून सांगायची आणि बदल्यात राज्यसंस्थेने त्याला ठरावीक काळ मक्तेदारी द्यायची. व्हेनिसने १४७४ मध्ये दहा वर्षे दिली, इंग्लंडने १६२४ मध्ये चौदा. कॉपीराइटचा पहिला कायदाही इंग्लंडचाच, १७१० चा. चौदा वर्षे, आणि लेखक हयात असेल तर आणखी चौदा. या मुदती छापखाने, गिरण्या आणि घड्याळजींच्या काळातल्या आहेत. आज पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते, औषधाच्या रेणूलाही आणि पडद्यावरच्या बटणालाही. औषध शोधायला दहा-बारा वर्षे आणि अफाट पैसा लागतो, चाचण्या फसतात, आणि नक्कल मात्र सहज करता येते. तिथे वीस वर्षांचे समर्थन होऊ शकते. बटणाचे कसे करणार?

बटणाचा दाखला काल्पनिक नाही. एका क्लिकमध्ये खरेदी पूर्ण करण्याच्या सोयीचे पेटंट अॅमेझॉनला सप्टेंबर १९९९ मध्ये मिळाले. पुढच्याच महिन्यात कंपनीने बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला, आणि ऐन नाताळच्या हंगामात न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. मग बार्न्स अँड नोबलने काय केले? खरेदीच्या वाटेत आणखी एक क्लिक घातला. गिऱ्हाइकाला मुद्दाम थोडा जास्त त्रास द्यायचा, म्हणजे कायदा पाळला, असा हा प्रकार. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये तो हुकूम उठवला, पेटंट मात्र २०१७ पर्यंत जिवंत राहिले. गंमत अशी की गदारोळ झाल्यावर खुद्द जेफ बेझोस यांनीच मार्च २००० मध्ये जाहीर पत्र लिहून सुचवले होते की सॉफ्टवेअर आणि व्यवसायपद्धतींच्या पेटंटांची मुदत तीन ते पाच वर्षांवर आणावी. सूचना चांगली होती. कोणी ऐकली नाही, आणि बेझोस यांनीही आपले पेटंट सोडले नाही.

जीआयएफ चित्रांचे प्रकरण याहून शिकवणारे आहे. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये जीआयएफ हा चित्रप्रकार तयार केला आणि वापरायला खुला ठेवला. चित्राची फाइल लहान करण्यासाठी त्यात लेम्पेल, झिव्ह आणि वेल्च यांची एलझेडडब्ल्यू ही रीत वापरली होती. वेल्च यांनी ती १९८४ मध्ये एका नामांकित नियतकालिकात छापली होती. तिचे पेटंट आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या गावीही नव्हती. ते पेटंट फिरत फिरत युनिसिसकडे आले आणि डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जाहीर झाले की जीआयएफ हाताळणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी परवाना घ्यावा. तोवर वर्ल्ड वाइड वेब जीआयएफ चित्रांनी भरून गेले होते. हे एवढ्यावर संपत नाही. याच रीतीवर आयबीएमच्या संशोधकांनी युनिसिसच्या आधी तीन आठवडे, १ जून १९८३ रोजी अर्ज केलेला होता आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दोघांनाही पेटंट देऊन टाकले. एकच जमीन दोघांच्या सातबाऱ्यावर चढावी तसे. नेमून दिलेल्या तपासनिसाला जिथे दोन अर्ज एकाच रीतीचे आहेत हे कळत नाही, तिथे चार जणांच्या कंपनीतल्या प्रोग्रॅमरने आपण कोणाच्या हद्दीत पाऊल ठेवतो आहोत हे कसे ओळखावे?

वैतागलेल्या प्रोग्रॅमरांनी १९९५ मध्ये एकत्र येऊन पीएनजी हा पर्यायी प्रकार घडवला. आज तो घरोघरी आहे. पेटंटामुळे नवनिर्मिती झाली ती अशी, पेटंट टाळण्यासाठी.

याच्या उलट्या टोकाला व्हिजिकॅल्क आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये संगणकावरचे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट आणले. पेटंट मिळण्याची शक्यता फार कमी आहे, असे वकिलांनी सांगितल्यामुळे त्यांनी अर्जच केला नाही. १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आले, त्यानंतर एक्सेल. व्हिजिकॅल्क मागे पडले, ब्रिकलिन यांना त्याची चुटपुट लागली असेलही. पण आज तलाठी कार्यालयापासून रिझर्व्ह बँकेपर्यंत जी रकान्यांची शीट उघडते, ती पेटंट असते तर १९९९ च्या सुमारापर्यंत एकाच कंपनीच्या मर्जीवर राहिली असती. एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून पुढे जाणाऱ्या उद्योगात नक्कल होऊ दिल्यानेच शोधांचा वेग वाढू शकतो, असे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले एरिक मॅस्किन आणि त्यांचे सहकारी जेम्स बेसेन यांनी गणिती मांडणी करून दाखवले आहे. १९९१ मध्ये बिल गेट्स यांनीही आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात मान्य केले होते की आजच्या बहुतेक कल्पना जन्मल्या तेव्हा लोकांनी पेटंटे घेतली असती, तर हा उद्योग जागीच थांबला असता. त्याच टिपणात त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की आता आपणच भराभर पेटंटे घ्यावीत. व्यापाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर यात विसंगती काहीच नाही.

सगळेच धावू लागल्यावर काय होते ते टेक्सासमधल्या मार्शल गावात दिसले. वीस-पंचवीस हजार वस्तीचे हे गाव. तिथले संघराज्य न्यायालय खटले झपाट्याने चालवते आणि तिथले पंच पेटंटधारकाला झुकते माप देतात, अशी ख्याती पसरली आणि देशभरचे पेटंट दावे तिकडे वळले. २०१५ मध्ये अमेरिकेतील सर्व पेटंट खटल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या पूर्व टेक्सासच्या न्यायालयांत दाखल झाले. दावे लावणाऱ्यांत स्वतः काहीही न बनवणाऱ्या, केवळ पेटंटे विकत घेऊन वसुली करणाऱ्या कंपन्यांचा भरणा होता. वारंवार प्रतिवादी व्हावे लागलेल्या सॅमसंगने न्यायालयासमोरच्या चौकात गावकऱ्यांसाठी बर्फावर घसरण्याचे मैदान प्रायोजित केले. पंच शेवटी याच गावकऱ्यांतून निवडले जातात. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीने तर मार्च २००६ मध्ये, आपल्याविरुद्धच्या पेटंटांवर पेटंट कार्यालय स्वतःच फेरविचार करत असताना, सेवा बंद पडण्याच्या धास्तीने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. तो दावा मार्शलचा नव्हता, व्हर्जिनियाचा होता, धंदा तोच.

अमेरिकेला शहाणपण उशिरा सुचले. १९७२ च्या बेन्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गणिती रीतीला पेटंट नाकारले होते. १९८१ मध्ये रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत संगणक वापरणाऱ्या डीअर यांना ते मिळाले, आणि १९९८ मध्ये एका अपील न्यायालयाने व्यवसायपद्धतींनाही दार उघडले. ते दार जून २०१४ मध्ये अॅलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बरेचसे लोटून घेतले: जुनी, अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालवली म्हणून ती शोध ठरत नाही. त्यानंतर शेकडो पेटंटे कोसळली. अमेरिकेचा सॉफ्टवेअर उद्योग मात्र कोसळला नाही. २०१४ नंतरच्या दशकात तो कसा फुगला हे आपण पाहतोच आहोत. युरोपीय संसदेने तर २००५ मध्येच सॉफ्टवेअर पेटंटांचा मार्ग मोकळा करू पाहणारा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला होता.

भारताची गोष्ट याहून संयत आहे, आणि आमच्या मते अधिक शहाणपणाची. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले: गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक आज्ञावली हे शोध मानले जाणार नाहीत. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने यात फट पाडण्याचा प्रयत्न झाला. उद्योगातला तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी सांगड असेल तर आज्ञावलीलाही पेटंट द्यावे, अशी ती तरतूद होती. तेव्हाच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांसह अनेकांचा विरोध झाला आणि २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती तरतूद गाळली. औषधांच्या पेटंटांवर त्या वेळी एवढे बोलले गेले की या निर्णयाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

मात्र संसदेने जे समोरून नाकारले ते मागच्या दाराने येऊ शकते. पेटंट कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे इतकी सैल होती की टीका झाल्यावर डिसेंबरमध्ये ती स्थगित करावी लागली. फेब्रुवारी २०१६ मधल्या तत्त्वांनी नवे हार्डवेअर हवेच, अशी कडक अट घातली; २०१७ मध्ये ती काढून टाकली. दोन वर्षांत तीन भूमिका. मग २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी खटल्यात सांगितले की ‘तांत्रिक परिणाम’ किंवा ‘तांत्रिक योगदान’ दाखवता आले तर आज्ञावलीवर आधारलेल्या शोधाला पेटंट मिळू शकते. निकाल तर्कसंगत आहे. पण त्या अर्जाचा प्रवास पाहा. पेटंटाची वीस वर्षे मूळ आंतरराष्ट्रीय अर्जापासून, म्हणजे डिसेंबर १९९९ पासून मोजायची. ट्युनिशियाच्या अलानी यांच्या अर्जाला अपील मंडळाची मंजुरी मिळाली जुलै २०२० मध्ये. म्हणजे पेटंट हाती आले तेव्हा त्याची मुदत उलटून गेलेली होती. वेबवरची माहिती चटकन गाठून देण्याची त्यातली कल्पना तोवर मोबाइलच्या तीन-चार पिढ्या मागे पडली होती. सॉफ्टवेअरचा वेग आणि पेटंट कार्यालयाचा वेग यांची गाठ कधी पडत नाही, हे सांगायला यापेक्षा बोलका पुरावा नको.

उलट बाजूही मांडली पाहिजे. आवाज दाबून लहान फाइलमध्ये बसवणारे एमपीथ्री तंत्र जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कित्येक वर्षांच्या ध्वनिसंशोधनातून आले. परवान्यांतून आलेला पैसा संशोधनाकडे वळला, आणि २०१७ मध्ये पेटंटे संपल्यावर ते तंत्र सर्वांचे झाले. चित्रफितीचे संकोचन, बिनतारी संदेशवहन, वैद्यकीय प्रतिमा या क्षेत्रांत आज्ञावली आणि अभियांत्रिकी वेगळी काढता येत नाही, आणि तिथे खर्चही खरा असतो. ‘तांत्रिक परिणाम’ ही कसोटी अशांसाठी ठेवायला हरकत नाही. पण ती कसोटी लावताना पेटंट कार्यालयाने अर्जदाराकडून निदान एक गोष्ट मागावी: चालणारा कोड. आजची सॉफ्टवेअर पेटंटे वाचून कोणताही प्रोग्रॅमर काही बनवू शकत नाही. ती वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेली असतात, आकृत्यांत चौकोन आणि बाण असतात, आणि कोड गुपित राहतो. युक्ती उलगडून सांगणे हा सौद्याचा अर्धा भाग जर पाळलाच जात नसेल, तर मक्तेदारीचा दुसरा अर्धा भाग जनतेने का द्यावा? पेटंटांची संख्या हेच प्रगतीचे माप मानण्याची घाई सध्या दिसते. २०२३-२४ मध्ये भारताने एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर केल्याचे सरकारने अभिमानाने सांगितले. त्यांतली किती पेटंटे वाचून कोणी काही शिकले, हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

कॉपीराइटची गोष्ट वेगळी आहे, आणि पेटंट व कॉपीराइट यांना एकाच दोरीत बांधणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. कॉपीराइट कल्पनेला कुलूप लावत नाही. लिहिलेल्या ओळींपुरताच तो असतो. तीच गोष्ट दुसऱ्याने स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या ओळींत लिहिली तर आडकाठी नाही. भारताने १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीला साहित्यकृतीच्या व्याख्येत बसवले आणि जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या ट्रिप्स कराराने ते जगभर बंधनकारक केले. कादंबरीच्या पंगतीला कोड बसवणे विचित्र वाटते खरे, पण त्यातून काही चांगलेही निघाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणलेला जीपीएल परवाना कॉपीराइटच्याच बळावर उभा आहे: वापरा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य द्या. कॉपीराइट नसता तर ही अट न्यायालयात टिकली नसती, आणि ती परवान्यात आहे म्हणूनच लिनक्सवर काम करणाऱ्या बलाढ्य कंपन्यांना आपापल्या सुधारणा वाटताना खुल्या ठेवाव्या लागतात.

न्यायालयांनीही कल्पना आणि ओळी यांतली सीमा बऱ्यापैकी राखली. ओरॅकलने गूगलवर २०१० मध्ये लावलेला दावा दहा वर्षे चालला. अँड्रॉइड बनवताना गूगलने पुढे ओरॅकलकडे आलेल्या जावा प्रणालीच्या सुमारे ११,५०० ओळी, म्हणजे आज्ञांची नावे आणि त्यांची मांडणी, जशाच्या तशा घेतल्या होत्या. प्रोग्रॅमरांच्या हाताला बसलेली ती मांडणी बदलली असती तर लाखो लोकांना पुन्हा शिकावे लागले असते. ओरॅकलची मागणी अब्जावधी डॉलरची होती. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी हा रास्त वापर ठरवला. निकाल उलटा लागता तर एका सॉफ्टवेअरशी जुळेल असे दुसरे लिहिणे हाच गुन्हा झाला असता. खालच्या न्यायालयातील न्यायाधीश विल्यम अल्सप हे हौसेने कोड लिहिणारे होते, ही या खटल्यातली सुखद गोष्ट. आपल्याकडे असे किती न्यायाधीश असतील?

तरीही कॉपीराइटमध्ये दोन ठिकाणी सडलेले आहे. पहिले ठिकाण मुदतीचे. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. हिंजवडीत पंचवीस वर्षांच्या मुलीने आज लिहिलेल्या आज्ञावलीची मालकी नोकरीमुळे कंपनीकडे जाते, मुदत मात्र त्या मुलीच्या आयुष्यावर मोजली जाते. ती पंच्याऐंशी वर्षे जगली, तर तो कोड एकशे वीस वर्षे बंदिस्त राहील. तेव्हा तो चालवणारा संगणक संग्रहालयातही सापडणार नाही. बर्न करार आणि ट्रिप्स यांमुळे मृत्यूनंतर पन्नास वर्षांच्या खाली भारत एकट्याने जाऊ शकत नाही. साठाची पन्नास केली तरी या हिशेबात काही फरक पडत नाही. म्हणून सुधारणा दुसऱ्या ठिकाणी करायला हवी.

ते ठिकाण मराठी छपाईच्या धंद्यातल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, नव्वदच्या दशकात, मराठी डीटीपीचे प्रत्येक सॉफ्टवेअर अक्षरांना आपापले गुप्त क्रमांक देई. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की पडद्यावर चिन्हांचा चिवडा दिसे. सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या पाठीमागे डोंगल लावावे लागे. डोंगल बिघडले की प्रेसचे काम बंद. वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक, कथासंग्रह, दैनिकांच्या पुरवण्या अशा फायलींत अडकल्या. मजकुराचा कॉपीराइट लेखकाचा, पण त्याच्या स्वतःच्याच लेखनाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. पुढे काही धडपड्या लोकांनी अक्षरांचे क्रमांक एकेक करून जुळवत युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक लिहिले. कायद्याच्या दृष्टीने ते काय करत होते? आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ त्यांच्या बाजूने होते: कायदेशीर मार्गाने सॉफ्टवेअर बाळगणाऱ्याने दुसऱ्या आज्ञावलीशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवणे, ती सहज उपलब्ध नसेल तर, उल्लंघन ठरत नाही. अभ्यासासाठी आज्ञावली कशी चालते हे तपासण्यालाही त्यात मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ देखील अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून मवाळ आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी डिजिटल कुलूप उघडणाऱ्याला ते गुन्हेगार ठरवत नाही. अमेरिकेत शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडता यावे म्हणून २०१५ मध्ये खास सूट मिळवावी लागली होती.

मग अडते कुठे? ‘मला मान्य आहे’ या बटणाशी. न वाचता दाबल्या जाणाऱ्या त्या करारात आज्ञावली तपासायची नाही, उलगडायची नाही, असे बहुधा लिहिलेले असते. युरोपने १९९१ च्या निर्देशातच सांगून टाकले की जुळवणीसाठी दिलेली मुभा काढून घेणारी करारातली अट रद्दबातल समजावी. आपला कायदा यावर गप्प आहे. संसदेने दिलेला हक्क एखाद्या कंपनीच्या कलमाने पुसला जातो की नाही, हे ज्याला न्यायालयात भांडायला वेळ आणि पैसा आहे त्यालाच कळणार. कलम ५२ मध्ये एका वाक्याची भर घातली तर हा प्रश्न सुटतो. त्यासाठी जिनिव्हाला जाण्याची गरज नाही, कोणाचा करार मोडत नाही, तिजोरीवर बोजा नाही. सरकारी पैशातून बनलेल्या प्रणालींबाबत तर केंद्राने २०१५ मध्येच कोड खुला करण्याचे धोरण आखले आहे. ते राज्यांच्या निविदांत अटीच्या रूपाने उतरले पाहिजे. शेतकऱ्याची पीकनोंदणी किंवा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती ज्या प्रणालीवर अवलंबून असते, तिचा पुरवठादार बदलला म्हणून सगळे नव्याने लिहून घ्यावे लागणे हा जनतेच्या पैशाचा दुहेरी खर्च आहे.

आता या जुन्या वादावर नवे पीक आले आहे. कोड लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता ज्या खुल्या कोडवर शिकली, त्याच्या परवान्यांतल्या अटी पाळल्या गेल्या का, यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत गिटहब कोपायलटविरुद्ध दावा दाखल झाला. दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध लावलेला दावा बातम्यांबद्दलचा असला, तरी प्रश्न त्याच जातीचा आहे. आणि यंत्राने लिहिलेल्या कोडचा लेखक कोण? अमेरिकी न्यायालयांनी माणूस लेखक असलाच पाहिजे, अशी भूमिका घेतली आहे. आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून एक वेगळेच वाक्य बसलेले आहे: संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. ती व्यक्ती म्हणजे सूचना टाइप करणारा अभियंता, त्याची कंपनी, की यंत्र पुरवणारा? तीस वर्षांपूर्वी हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आजची यंत्रे नव्हती. पण आजच्या वाचनात त्याचा अर्थ असा होऊ शकतो की दहा सेकंदांत तयार झालेल्या कोडवर, सूचना देणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क राहावा. यंत्रनिर्मित कोडला फार तर पाच वर्षांचे संरक्षण, किंवा मुळीच नाही, अशी दुरुस्ती सरकारने आता मांडली नाही, तर प्रत्येक कंपनी आपल्या करारनाम्यात आपल्याला सोयीचे उत्तर लिहून घेईल, आणि न्यायालयांना पुढची दहा वर्षे तीच उत्तरे तपासत बसावी लागतील.